लग्नात पडलेली मार्टिनी

"शटर बंद करो," अर्बाब म्हणाला. "यल्ला, जल्दी!"

भर दुपारी वर्कशॉपचं शटर खाली घ्यायला सांगितल्यावर दयानंद परबला वाटलं, आता रजा गेली. आठवड्यापूर्वी त्याने रजेचा अर्ज दिला होता. लेकीचं, रेवाचं लग्न ठरलं होतं आणि साडेतीन वर्षांत तो घरी गेला नव्हता. मस्कतच्या गाला या कारखान्यांच्या वस्तीत पंप दुरुस्त करण्यात त्याची तेरा वर्षं गेली होती. अर्बाब म्हणजे मालक, आणि दयानंदच्या हिशेबी मालक म्हणजे आपला पासपोर्ट ज्याच्या टेबलाच्या खणात असतो तो. त्यामुळे शटर त्याने निमूटपणे खाली ओढलं.

अर्बाब सईदने काखेतली घोंगडी टेबलावर सोडली. आत एक म्हातारी बंदूक होती. मार्टिनी. मुठीखालची लोखंडी कडी खाली दाबली की गोळी घालायची जागा उघडते आणि वर ओढली की बंद होते, अशी जुनी विलायती जात. पण हिची कडी मधोमध मोडली होती आणि उरलेला तुकडा सैल जबड्यासारखा लोंबत होता.

"मेरा दादा का बंदूक," अर्बाब म्हणाला. "सुलेमान का शादी में गिर गया."

दयानंदला तिथली रीत माहीत होती. लग्नात ढोल घुमायला लागले की मानाचा माणूस रिंगणात उतरतो, बंदूक गरगरत आकाशात फेकतो आणि खाली येताना एका हाताने झेलतो. सुलेमान हा अर्बाबचा पुतण्या. त्याच्या लग्नात मान अर्बाबचा होता.

"किसने गिराया?" दयानंदने विचारलं. विचारल्याबरोबर जीभ चावली.

"हवा," अर्बाब भिंतीकडे बघत म्हणाला. "उस दिन बहुत हवा था."

मग त्याने सौदा मांडला. दोन आठवड्यांनी, गुरुवारी, त्याच्या स्वतःच्या मुलाचं, अम्मारचं लग्न. तोवर बंदूक ठीक, तर दयानंदची छुट्टी ठीक. बंदूकवाल्याकडे न्यायची नाही, नाहीतर बातमी गावभर होईल. कुणाला बोलायचं नाही. हसन ड्रायव्हरला तर मुळीच नाही.

संध्याकाळी दयानंदने टेलिफोन बूथवरून घरी फोन लावला. रेवाचं लग्न त्या गुरुवारनंतरच्या सोमवारी होतं, म्हणजे सगळं गणित काठावरचं होतं.

"बंदूक?" मंगला तिकडून ओरडली. "अवो, तुमी पंप करतास मां?"

"बंदूक झाली की येतंय गो."

"चेडवाच्या लग्नाक बापूस नसलो तर लोकांका काय सांगू? बंदूक घासता म्हणान सांगू?"

कार्ड संपल्याचं निमित्त करून त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी तो सुटी कडी शोधायला हसनच्या पिकअपमधून निजवा गावाच्या जुन्या बाजारात गेला. मोडलेल्या कडीचे तुकडे त्याने जेवणाच्या डब्यात, चपात्यांच्या खाली दडवले होते.

"दयाभाई, डबा खुळखुळतोय," रत्नागिरीचा हसन म्हणाला. "भाजीत हाडं टाकलीस काय?"

"पंपाचं सामान आहे."

"शुक्रवारी पंपाचं सामान निजव्यात?" हसनने रस्त्यावरची नजर काढली नाही. "असेल बाबा. मिळत असेल."

बकऱ्यांचा लिलाव संपतो तिथे एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा जुन्या बंदुका मांडून बसला होता. दयानंदने डबा उघडून कडीचे तुकडे दाखवले. म्हाताऱ्याने आधी चपातीचा वास घेतला, मग लोखंड हातात घेतलं.

"सईद का है," तो म्हणाला. "सुलेमान का शादी में टूटा."

दयानंद गारच पडला. "तुमको कौन बोला?"

"चार सौ आदमी था उधर. गिरा, सबने देखा. टूटा, सबने सुना." म्हाताऱ्याने पायाखालच्या पोत्यात हात घालून एक गंजकी कडी वर काढली. "लेकिन सईद को कोई नहीं बोला. ऐब है, शरम का बात. तुम भी मत बोलना."

तेवढ्यात त्याला दिसलं, हसन एका बकऱ्याचे दात तपासण्याचं नाटक करत दहा पावलांवर उभा होता. दयानंदने डबा घाईघाईने बंद केला.

कडी मिळाली, पण बसेना. निजव्यात विकत मिळणाऱ्या त्या बंदुका कुठकुठल्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या. सगळ्यांचं नाव मार्टिनी असलं, तरी एकीचं हाड दुसरीला लागत नाही. भोक अर्धं सूत वर, बाक जरासा जास्त. दयानंद जेवणाच्या सुट्टीत कडी वाइसच्या जबड्यात आवळून धरायचा आणि कानशीने घासत बसायचा. एकदा घासायची, काजळी फासून बसवून बघायची, कुठे अडते ते काजळीवरून पाहायचं, पुन्हा घासायची. कडी अडकवायची खीळ त्याने लेथवर काढली आणि स्प्रिंग टोयोटाच्या जुन्या पाट्यातून कापून घडवली. पंपाला त्याने एवढा जीव कधी लावला नव्हता. प्रत्येक घासणीला तो मनात म्हणायचा, ही रेवाच्या हळदीची, ही मुंडावळ्यांची.

मध्येच अर्बाबला सराव करायची लहर आली. बंदूक द्यायची तर दयानंदची छाती होईना. "अर्बाब, अभी पार्ट कच्चा है," असं सांगून त्याने तितक्याच वजनाचा दीड इंची पाइप कापून, एका टोकाला लोखंड भरून दिला. दोन वाजता कामगार खाटांवर आडवे झाले की शेडच्या मागे वाळूत हा कार्यक्रम चाले. अर्बाब अंगरखा खोचायचा, पाइप वर फेकायचा आणि पाइप धप्पकन वाळूत पडायचा.

"हवा," अर्बाब म्हणायचा.

पान हलत नसायचं.

एकदा पाइप दयानंदच्या पायाच्या अंगठ्यावर आला. तो एका पायावर नाचत असताना अर्बाबने विचारलं, "अभी थोड़ा अच्छा था ना?" दयानंदने मान डोलावली. पण त्याला दिसत होतं ते वेगळंच होतं. फेक चांगली होती, नजरही बरी होती. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. तेवढ्यापुरता तो हात गंजला होता आणि अर्बाबला ते कुणी सांगायचं?

मंगळवारी बंदूक तयार झाली. अर्बाबने कडी खाली दाबली, वर ओढली. खट्ट! त्या आवाजाने त्याचा चेहरा पोरासारखा उजळला. त्याने पुन्हा केलं, मग पुन्हा. मग दोन्ही पाय रोवले आणि बंदूक फेकायला हात मागे नेला.

दयानंदने त्याचं मनगट पकडलं.

तेरा वर्षांत त्याने मालकाला बोट लावलं नव्हतं. पासपोर्ट, तिकीट, मांडव, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण ही बंदूक पुन्हा मोडली तर अर्बाब चारशे माणसांसमोर दुसऱ्यांदा मोडेल, हेही त्याला दिसलं आणि ते बघवलं नाही.

"अर्बाब," तो म्हणाला, "बंदूक का पार्ट मिला. खांदा का पार्ट निजवा में नहीं मिलता."

अर्बाबने मनगट सोडवून घेतलं. बंदूक घोंगडीत गुंडाळली आणि निघून गेला.

बुधवारी तो वर्कशॉपला फिरकला नाही. दयानंदने घरी फोन केला नाही. काय सांगणार होता?

गुरुवारी लग्नाला सगळ्या कामगारांना बोलावणं होतं. दयानंद भाताच्या देगांपाशी, शेवटच्या ओळीत उभा राहिला. ढोल घुमू लागले. अर्बाब सईद बंदूक घेऊन रिंगणात उतरला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातांवर खिळल्या. सुलेमानच्या लग्नात पडलेली बंदूक कुणीच विसरलं नव्हतं. अर्बाबने कडी दाबली, वर ओढली, खट्ट, आणि आकाशाकडे नळी करून एक बार उडवला. मग तो नवरदेवाकडे वळला आणि बंदूक अम्मारच्या हातात दिली.

अम्मारने ती फेकली. काय फेकली! चारशे माना वर गेल्या. अर्बाबची तेवढी खाली होती. तो आपला रिकामा उजवा हात डाव्या हाताने चोळत होता. बंदूक झेलल्याचा जल्लोष उठला तेव्हा त्याने वर पाहिलं, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला. दयानंदला भरून आलं. त्याने ते देगेच्या धुरावर ढकललं.

जेवणं चालू असताना अर्बाब देगांपाशी आला. त्याने खिशातून पासपोर्ट आणि तिकीट काढलं. विमान त्याच रात्रीचं होतं.

"तुम्हारा बेटी का शादी में बंदूक है?"

"नहीं अर्बाब. फटाका है."

"फटाका अच्छा," अर्बाब थोडा विचार करून म्हणाला. "ऊपर जाता, नीचे नहीं आता."

दयानंद हळदीला पोहोचला. अंगठ्याचं काळं झालेलं नख बघून मंगलाने विचारलं, तर म्हणाला, "बंदूक लागली." तिने ते वाक्य महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. रेवाला निरोप देताना तो अजिबात रडला नाही. मस्कतला परत निघाला तेव्हा एसटी सुटल्यावर मात्र कुडाळपासून सावर्ड्यापर्यंत रडत होता.

परत कामावर आल्याच्या पहिल्याच दिवशी, दुपारी दोन वाजता, तो खाटेवर पाठ टेकत होता. कामगार घोरत होते. इतक्यात शेडच्या मागून आवाज आला. धप्प. थोड्या वेळाने पुन्हा, धप्प.

दयानंद उठला. मागे डोकावायला म्हणून दोन पावलं गेला आणि थांबला. मग वळून त्याने लेथचं बटण दाबलं. लेथवर काहीच लावलेलं नव्हतं. ती नुसतीच घरघरत फिरू लागली.

शेजारच्या खाटेवरून डोळे न उघडता हसन म्हणाला, "ऐकू येतंय रे अजून. ड्रिलिंग मशीन पण लाव."