ज्याचा वाढदिवस आधी येतो

सर्वेक्षणवालीने तिसऱ्या खेपेला तीच बेल दाबली. वीस फॉर्मपैकी हा एकच कोरा राहिला होता. आजही हात हलवत परत आलात तर उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर सुनावलं होतं. नुसती धमकी नव्हती ती. गेल्या महिन्यात दोघांना त्यांनी खरंच नारळ दिला होता.

नियम सोपा, पण नाकी नऊ आणणारा. दार उघडेल त्याला विचारायचं नाही. घरात मोठी माणसं किती आणि कुणाचा वाढदिवस सगळ्यांत आधी येतो, ते विचारायचं; मग सोशल मीडियाचे प्रश्न त्यालाच. तो घरी नसेल तर पुन्हा यायचं. 'शितावरून भाताची परीक्षा करतो आपण, शीत बदलायचं नाही,' हे साहेबांचं लाडकं वाक्य.

इथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मोठी माणसं दोन, मी आणि मुलगा. वाढदिवस मुलाचा आधी. दोन्ही खेपांना 'तो बाहेर गेलाय,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

दार उघडलं.

"आज तरी आहेत का चिरंजीव? का मला घाबरून पळतात?"

बाई हसल्या नाहीत.

"आत ये, पोरी."

खिडकीपाशी खुर्चीवर मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. बाईंनी तो काढला, चार आकडे दाबले आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"विचार. मी सांगते."

"तसं चालत नाही, मावशी. त्यांनीच सांगायला लागतं."

"तो गेला गं. अकरा महिने झाले. तू माणसं किती विचारलंस, तर तोंडातून दोनच निघालं. मग मागे घेववेना."

आपल्या थट्टेची तिला लाज वाटली. त्याहून जास्त लाज वाटली ती मनात सगळ्यांत आधी फॉर्म आला याची.

"मग हा फॉर्म बाद होईल, मावशी. एकदा माणूस ठरला की बदलता येत नाही," ती कशीबशी म्हणाली.

"बाद कशाला? त्याचं खातं मी रोज उघडते. सकाळी, जेवताना, झोपताना. उघडलं की त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, मित्रांना दिसतो. एकाने तर घाबरून विचारलं, कोण आहे म्हणून. मी काही लिहिलं नाही. काय लिहिणार?"

तिने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"वय?"

"सत्तावीस."

'दिवसातून अनेकदा' या चौकटीत तिने खूण केली. पुढचा प्रश्न, हे बंद करावं लागलं तर किती कठीण जाईल, हा होता. पर्याय मोठ्याने वाचायचे असतात. तिला वाचवेनात.

"खूप," बाई म्हणाल्या.

चौकटी भरत गेल्या. तिची नोकरी वाचली होती. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, असं वाटून तिला तिथून पळून जावंसं वाटलं. पण शेवटचा प्रश्न उरला होता.

"पुढच्या वर्षी याच पाहणीसाठी पुन्हा आलो तर चालेल का?"

बाईंनी मोबाइल परत चार्जिंगला लावला, वायर नीट बसली का ते पाहिलं.

"चालेल की. त्यालाच विचारायला ये. आता त्याची चौकशी करतंय तरी कोण?"

फॉर्मला पुढच्या वर्षीच्या भेटीची चिठ्ठी जोडायची होती, तिच्यावर त्याचं तेव्हाचं वय लिहायचं होतं. तिने मान वर केली.

"अठ्ठावीस," बाई म्हणाल्या.

तिने ते लिहून घेतलं.