दुपारी सरळ होणारी भिंत

चर्चतर्फे परदेशी सेवेला जाणाऱ्यांत माझं नाव आहे हे ऐकून लेक एवढंच म्हणाली, "जा. तिकडे तरी कुणाला शिकव." तो टोमणा होता की माया, मला कळलं नाही. माझ्या शिवणाच्या दुकानात ती दोन वर्षं माझ्या हाताखाली शिवायला बसली होती. हात चांगला होता. एक दिवस तिनं कात्री खाली ठेवली ती ठेवलीच, आणि औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. याला नऊ वर्षं झाली. का सोडलंस, असं शंभरदा विचारलं असेल मी. "असंच," म्हणते. एका घरात राहून आम्ही शेजारणींसारख्या बोलतो, आणि हे मला आतून खातं.

तर मी गेले. आम्ही आठजण, दोन आठवडे, आणि एका छोट्या दवाखान्याला जोडून एक खोली बांधायची. आठांत वीट हातात धरलेला एकही नाही. पाळकसाहेब, निवृत्त हेडमास्तर, दोन बँकवाले, बाकी आम्ही बायका. दवाखान्याची नर्सबाई मात्र आपल्याच भाषेतली, लग्न होऊन तिकडे गेलेली. आम्हाला काम दाखवायला तिथलाच एक गवंडी होता. भाषा येत नव्हती म्हणून की स्वभावच तसा म्हणून, पण तो माल कालवून द्यायचा आणि गप्प बसायचा.

तिथले दिवस मला झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. ऊन इतकं पांढरं की रस्त्यावरची माणसं कडेला विरघळल्यासारखी दिसायची. कुत्री भुंकायची तीसुद्धा कुठून तरी लांबून, सावकाश. सकाळी आम्ही विटा लावायचो, दुपारी जेवून सगळे मच्छरदाण्यांत आडवे व्हायचो, आणि पडदे फुगताना बघत बघत डोळा लागायचा. उठावं तर आपण कोण, कुठले, हे आठवायला वेळ लागे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? तेवढा वेळ मी कुणाची आई नसायचे.

आणि एक नवल रोज घडायचं. सकाळी आम्ही लावलेल्या भिंतीला पोट आलेलं असायचं, थर नागमोडी गेलेले असायचे. चहा पिऊन चारला परत जावं, तर भिंत सरळसोट! हेडमास्तरांनी लगेच शास्त्र सांगितलं, "ओला माल आकसतो. वाळताना भिंत आपोआप ओळंब्यात येते." पाळकसाहेबांनी त्यावर प्रवचनच केलं, की वाकडं ते प्रभू त्याच्या वेळेला सरळ करतो. आम्ही आमेन म्हटलं. मीही म्हटलं, आणि अगदी मनापासून. परत गेल्यावर चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायची ती याचीच, हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

आठव्या दिवशी दुपारी तहान लागून जाग आली. अर्धवट झोपेतच अनवाणी बाहेर आले. सगळीकडे सामसूम होती. भिंतीपाशी गवंडी एकटाच होता. तो आम्ही सकाळी लावलेल्या विटा एकेक करून उतरवत होता, थापीनं माल खरवडत होता, वीट ओली करून परत लावत होता. आवाज म्हणून नाही. स्वप्नच पडतंय असं वाटून मी उभी राहिले. मग त्यानं एक वीट उचलली. माझ्याच हातची होती ती, तिला मी मालाचा ढीग थापला होता. ती त्यानं ज्या हळुवारपणानं सोडवली, तो हळुवारपणा मी ओळखला. तो माझाच होता. लेक संध्याकाळी क्लासला गेली की मी दुकानाचं दार लोटून घ्यायचे, तिनं लावलेली बाही अश्शीच उसवायचे, आणि पुन्हा शिवून घडी घालून ठेवायचे.

मी नर्सबाईला उठवून आणलं. "विचारा त्याला, आम्हाला सांगत का नाही?"

गवंडी ओशाळला. बराच वेळ खाली बघत काहीतरी बोलला.

"म्हणतो, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुम्हाला वाईट वाटलं असतं," नर्सबाई म्हणाली.

अगदी हेच. हेच मी स्वतःला सांगत आले होते, पोरीला वाईट वाटेल म्हणून. खरं तर माझ्या दुकानातून वाकडी शिवण बाहेर गेली तर लोक मला काय म्हणतील, एवढंच होतं ते.

"त्याला म्हणावं, उद्यापासून माझ्यासमोर पाड. आणि ओरड मला."

दुसऱ्या दिवशी त्यानं माझा एक थर चारदा पाडला, आणि ओरडलाही चांगला. भाषा कळली नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात. हेडमास्तर माझ्याकडे बघेनात आणि पाळकसाहेब खोकत राहिले. पाचव्यांदा गवंड्यानं ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं, आणि काही न बोलता पुढची वीट घ्यायला वळला. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्या आनंदातच, चुन्यानं भरलेल्या हातांनी नर्सबाईच्या फोनवरून मी लेकीला फोन लावला.

"काय गं, बरी आहेस ना?" लेक घाबरलीच.

"बरी आहे. ऐक. तू क्लासला गेलीस की मी तुझ्या शिवणी उसवायचे. सगळ्या परत शिवायचे. तुला कधी सांगितलं नाही."

पलीकडे काउंटरवर कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. ते तिनं दिलं, सुटे पैसे मोजून परत केले.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "मी शिवणीच्या शेवटी चार टाके वेगळ्या दोऱ्याचे घालायचे, किंचित गडद. सकाळी घडी उलगडून बघायचे, तर ते नसायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा तरी राहतील म्हणून बघत होते. दोन वर्षं रोज बघितलं, आई."

कशीबशी म्हणाले, "चुकलं गं माझं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. पण फोन तिनं ठेवला नाही.