टाचेचं माप

दौलतसिंगने गादीखालचा नट पान्याने सैल केला आणि दोन्ही हातांनी गादी फिरवून पाहिली. ती हलली नाही. त्याने सांध्यात रॉकेलचे चार थेंब सोडले.

"मुरू द्या थोडं," तो म्हणाला.

वाशीमच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं सायकलचं दुकान होतं. पायरीजवळ कस्तुराबाई उभी होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पायांत पुरुषाचे काळे बूट. शेजारी तिचे सासरे पुंजाजी बाजारात रिकामी झालेली वांग्यांची टोपली घेऊन उभे होते.

सायकल जगदेवची होती. पुंजाजींचा हा मुलगा, कस्तुराबाईचा नवरा, शाळामास्तर होता. पावसाळ्यात तापाने गेला. त्याच्याजवळच शिकून कस्तुराबाई सातवी पास झाली होती. आता तीन कोसांवरच्या मुलींच्या शाळेत तिला जागा मिळाली होती. सोमवारी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर ती जागा दुसरीला जाणार होती. त्या गावात राहायची सोय नव्हती, आणि मळ्यातली एकुलती एक बैलबंडी रोज तिच्यासाठी जुंपणं शक्य नव्हतं.

"चालवता येते काय?" दौलतसिंगने विचारलं.

"येते," पुंजाजीच म्हणाले. "वावराच्या धुऱ्यावर शिकली. दोनदा वांग्याच्या वाफ्यात गेली. आठ दिवस आमी चेंदलेले वांगेच खाल्ले."

कस्तुराबाई हसली नाही. कोपरावरची खपली तिने पदराने झाकली.

रस्त्यावरून टांगेवाला फुलसिंग ओरडला, "काहो दौलतसिंग, आज बाईले बसवलं, उद्या कोनाले बसवता?"

"तुया घोड्याले. माप घेऊन ये त्याचं!"

फुलसिंग हसत पुढे गेला. दौलतसिंगने सायकल खांबाला टेकवली, पायडल तळाशी आणलं आणि स्वतः चार पावलं मागे सरून उभा राहिला.

"बसा बाई. खांब धरा. टाच टेकवा पायडलवर. पाय सरळ झाला पायजे. वाकला त गुडघे दुखतीन, ताणला त कंबर धरन. तीन कोस जायाचं हाय रोज."

कस्तुराबाईची टाच पायडलच्या वरच राहिली.

"आजवर कशी चालवली मंग?"

"चवड्यानं," ती म्हणाली. सकाळपासूनचा तिचा हा पहिला शब्द होता.

ती उतरली. दौलतसिंगने गादीखालच्या दांड्यावर अंगठा ठेवला. नळीच्या तोंडाशी कानशीने केलेली एक बारीक रेघ होती.

"हे मास्तरची खूण. मीच केली. ज्याचं माप त्याची खूण, मंग गादी खाली बसली तरी चुकत नाही." त्याने गादीला हिसका दिला. ती कुरकुरत खाली आली. "बसा पुन्हा."

या वेळी टाच टेकली. पण दौलतसिंगने नट आवळला नाही. तो तिच्या बुटांकडे पाहत राहिला.

"बाई, मास्तरच्या या बुटाची टाच बोटभर उंच हाय. रोज हेच घालसान काय? यायच्यावर माप घेतलं अन् उद्या उघड्या पायानं बसल्या, त पायडलपर्यंत पाय पुरनार नाही. सांगा, बुटावर घेऊ का पायावर?"

पुंजाजी रस्त्याकडे पाहू लागले.

"बुटावर घ्या," तेच म्हणाले. "काट्याकुट्याचा रस्ता हाय."

कस्तुराबाई उतरून पायरीवर बसली. दोऱ्यांना दुहेरी गाठी होत्या. एक सुटली. दुसरी सुटेना, नखाने ती सोडवत राहिली. मग तिने दोन्ही बूट काढून पायरीवर जवळजवळ ठेवले.

"पायावर घ्या."

गादी आणखी बोटभर खाली गेली. जुनी रेघ नळीत जाऊन दिसेनाशी झाली होती. दौलतसिंगने नट आवळला, हँडल थोडं वर घेतलं आणि नळीच्या तोंडाशी दांड्यावर कानशीने नवी रेघ ओढली.

"मास्तरची आत हाय," तो म्हणाला. "मिटली नाही."

तिने मान हलवली. अनवाणीच सायकलवर बसून खांब सोडला. दहा-बारा हात सायकल डगमगली, मग सरळ झाली. पुंजाजी टोपली डोक्यावर घेऊन तिच्यामागे निघाले.

"बाई, बूट!"

तिने वळून पाहिलं नाही. पुंजाजी क्षणभर थांबले.

"राहू द्या. तुमाले येत असतीन त घाला."

दोघं दिसेनासे झाल्यावर दौलतसिंगने डाव्या बुटात पाय घातला. तो अर्ध्यातच अडला. बोटं घालून त्याने आतला बोळा ओढून काढला. हिरव्या लुगड्याची चिंधी होती, काठासकट फाडलेली. काठ अजून कोरा होता.

हात सवयीने तेलाच्या चिंध्यांच्या ढिगाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने बोटं धोतराला पुसली, चिंधीची घडी केली आणि पुन्हा बुटात सरकवली. मग बूट वरच्या फळीवर ठेवून दोन्हींच्या दोऱ्या बांधल्या.