समोरच्या खुर्चीतली मावशी

भाऊला भाऊ म्हणायची संस्थेत कुणावर सक्ती नव्हती. फक्त ‘सर’ म्हटलं की त्याचं तोंड दिवसभर फुगलेलं असायचं. “आपण काय ऑफिस चालवतो का? घर आहे हे आपलं,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. एकदा घर म्हटलं की संध्याकाळी वेळेवर निघायची सोय उरत नाही, तक्रार करायची सोय उरत नाही, आणि आणखीही बऱ्याच गोष्टींची सोय उरत नाही. तिथे नोकरीला लागलेल्या माणसाला हे हळूहळू कळायचं.

संस्था तशी चिमुकली. शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये छापायची, एवढंच तिचं काम. एका खोलीत छपाईचं मशीन दिवसभर खडखडायचं. शेजारच्या खोलीत एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत टिंबू बसायची, दुसरीत मावशी.

टिंबू जन्मापासून अंध. ब्रेलच्या टिंबांवरून तिची बोटं इतकी भराभर पळायची की मावशीने पहिल्याच आठवड्यात तिचं हे नाव ठेवलं आणि तिचं खरं नाव सगळे विसरून गेले. मावशी नात्याने तिथल्या कुणाचीच मावशी नव्हती. ती डोळस, वयाने थोरली, आणि शुद्धलेखनाच्या बाबतीत भल्याभल्यांचा पाणउतारा करणारी होती. टिंबू छापून आलेलं पान बोटांनी मोठ्याने वाचायची आणि मावशी मूळ पुस्तकात ओळीवर बोट ठेवून ते ताडून पाहायची. वाचायचं ते विरामचिन्हांसकट, कारण ब्रेलमध्ये स्वल्पविरामालाही जागा लागते आणि मशीन तो हमखास खातं. या सवयीने दोघींच्या बोलण्याचाही निकाल लावला होता. “बिस्किटं संपली, प्रश्नचिन्ह,” असं टिंबू विचारायची. “तूच संपवलीस, पूर्णविराम,” असं मावशी सुनवायची.

मावशी हल्ली जरा धांदरट झाली होती. चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवायची, दारातल्या स्टुलावर आपटायची आणि स्टुलालाच शिव्या द्यायची.

“हे मेलं स्टूल इथे कुणी आणून ठेवलं?”

“रोज तिथेच असतं मावशी. डोळे माझे गेलेत की तुझे?”

मावशी हसायची. जरा जास्तच हसायची, पण टिंबूला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

भाऊ मशीनच्या खडखडाटात यायचा, त्यामुळे त्याची पावलं ऐकू यायची नाहीत. खोकल्याच्या गोळीचा वास आला की टिंबूला कळायचं, आला. मग खांद्यावर हात, मग पाठीवर. “काय म्हणतंय आमचं लेकरू?” आधी तिने अंग चोरलं. मग खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागली. मग खोलीत एकटी बसायचंच टाळायला लागली. दिसत नाही म्हणून लोक आपल्याला विचारल्याशिवाय हात लावतात, याची तिला लहानपणापासून सवय होती. हा हात त्यातला नव्हता. हे सांगायला लाज वाटत होती आणि सोसवतही नव्हतं.

त्या दिवशी मावशी समोर होती, म्हणून टिंबू निर्धास्त होती. विज्ञानाचं पुस्तक चाललं होतं. “मुळे जमिनीतील पाणी शोषून घेतात, पूर्णविराम,” एवढं ती वाचते तोच वास आला आणि हात मानेवरून गळ्याखाली उतरला. टिंबूचं अंग लाकूड झालं. बोटं ओळीवर तशीच राहिली. ओरडायला तोंड उघडलं, पण त्या तोंडाला त्या क्षणी वाचायचाच सूर ठाऊक होता. त्याच सपाट आवाजात ती म्हणाली, “भाऊ, स्वल्पविराम, हात काढा, पूर्णविराम.”

समोरून मावशीचा आवाज आला, “हे इथे नाहीये. पुढे वाच.”

हात निघाला. कानाशी हलकं हसल्याचा आवाज आला आणि वास दाराकडे गेला. टिंबूने पुढचं वाक्य वाचलं. कसं वाचलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

डोळे असलेल्या माणसाला समोरचं सगळं एकदम दिसतं, असा टिंबूचा पक्का समज होता. लहानपणी आई स्वयंपाकघरातूनच ओरडायची, “पाय खाली घे, पडशील.” आईला भिंतीपलीकडून कळायचं, मग हातभर अंतरावर बसलेल्या मावशीला का दिसू नये? मावशीने पाहिलं आणि ‘पुढे वाच’ म्हणाली, याचा दुसरा अर्थ टिंबूला लागेना. भाऊचा तिला रागच येत होता. मावशीचं मात्र काळजाला लागलं होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

टिंबूने तक्रार केली. संस्थेच्या समितीत भाऊनेच नेमलेली माणसं होती. त्यांनी गैरसमजाची शक्यता वर्तवली, टिंबूला थोडे दिवस विश्रांती घ्यायला सांगितली आणि विश्रांती संपल्यावर तिच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसवली. “जाऊ दे, कोर्टाची पायरी नको,” आई म्हणाली. टिंबू जाऊ देणार नव्हती. वकीलबाई भेटली, तीही तिच्यासारखीच चिवट, आणि संस्थेवर दावा लागला. मग ओळखीपाळखीचे फोन यायला लागले. दाव्याने संस्था बंद पडली तर अंध मुलांना पुस्तकं कोण देणार, याचा विचार कर म्हणे. अंध मुलांचा पुळका लोकांना अगदी वेळेवर येतो.

मावशीचेही फोन आले. टिंबूने ते घेतले नाहीत.

“खोलीत आणखी कोण होतं?” वकीलबाईने विचारलं होतं.

“मावशी. पण तिला यात ओढू नका.”

“का?”

“तिने पाहिलं होतं आणि ती गप्प बसली. आता कोर्टात ती खोटं बोललेली मला ऐकवणार नाही. बाकी काय हरायचं ते हरू.”

टिंबूची साक्ष झाली. संस्थेचा वकील गोड बोलणारा होता.

“आपल्याला दिसत नाही. मग हात कुणाचा, हे कसं ओळखलंत?”

“वासावरून आणि हसण्यावरून. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. तुम्ही तुमच्या आईला फोनवर ओळखता ना, तसंच.”

“पण अंध व्यक्तीला हात लावूनच हाक मारावी लागते, नाही का?”

“नाव सांगून हाक मारता येते. कान आहेत मला. आणि चालताना मदत हवी असली, तर डोळस माणूस कोपर पुढे करतो आणि धरायचं आम्ही असतं. त्यांनी आम्हाला धरायचं नसतं. संस्थेच्या भिंतीवर पाटी आहे तशी. भाऊंनीच लावलीय.”

मागे कुणीतरी हसलं. पण वकीलबाईने बाहेर आल्यावर खरं ते सांगितलं. एकीचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा शब्द, एवढ्यावर काहीही होऊ शकतं.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलबाई टिंबूच्या शेजारी येऊन बसली. “रागावू नका. तुमच्या मावशी स्वतःहून माझ्याकडे आल्या होत्या. आज त्यांची साक्ष आहे.”

टिंबू तिच्याकडे वळली. “काय सांगणार आहे ती?”

“मला सांगितलंय त्यांनी. पण ते तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकावं, अशी त्यांची इच्छा आहे. आपण जिंकूच असं त्यात काही नाही, तेही सांगून ठेवते.”

आत मावशीच्या चपला ओळखू आल्या. वाटेत बाकावर काहीतरी आपटलं आणि “अगं बाई” असं पुटपुटणं आलं. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून टिंबूला रडू फुटेल की काय असं झालं, आणि स्वतःचाच राग आला.

वकीलबाईने विचारलं, “त्या दिवशी तुम्ही कुठे होता?”

“तिच्या समोर. नेहमीसारखी.”

“काय ऐकलंत?”

“ती वाचत होती. मुळे जमिनीतील पाणी शोषून घेतात, पूर्णविराम. मग म्हणाली, भाऊ, स्वल्पविराम, हात काढा, पूर्णविराम.”

न्यायाधीशांनी मध्येच विचारलं, “पूर्णविराम म्हणजे?”

“आमचं वाचन तसंच असतं साहेब. ते वाक्य काही पुस्तकात नव्हतं. आदल्याच आठवड्यात मशीनने गोष्टीच्या पुस्तकातल्या दोन ओळी गणितात घुसवल्या होत्या. मला वाटलं, आज विज्ञानात नाटक घुसलं. म्हणून मी म्हटलं, हे इथे नाहीये, पुढे वाच.”

संस्थेचा वकील उठला. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं, हातात काहीतरी गवसलंय. “म्हणजे तुम्ही समोर बसून होता. टेबलापलीकडे, हातभर अंतरावर. मग तुम्ही पाहिलं काय?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही?”

“नाही पाहिलं.”

“समोर एवढं घडलं आणि समोरच्या माणसाला दिसलं नाही. मग ते घडलंच नाही, असं का म्हणू नये?”

टिंबूला मावशीचा श्वास ऐकू आला. मोठी चूक सांगण्याआधी ती तसाच श्वास घ्यायची.

“मला काचबिंदू आहे,” मावशी म्हणाली. “दोन्ही डोळ्यांत. बोटाखालची ओळ दिसते, तिच्या आजूबाजूचं दिसत नाही. हळूहळू कमी होत गेलं. मी संस्थेत कुणाला बोलले नाही. डोळे गेलेली बाई पुस्तकं ताडायला कोण ठेवणार? मान खाली घातली की समोर माणूस आहे की भिंत, मला कळत नाही. नाहीतर त्या माणसाचा हात तिथल्या तिथे मोडला असता. तेही लिहून घ्या.”

मग ती अगदी हळू, नेहमीच्या खोलीतल्या आवाजात म्हणाली, “टिंबे, मला दिसलं नाही गं. तुझ्या तक्रारीची कुणकुण लागली तेव्हा त्या वाक्याचा उलगडा झाला. तेव्हापासून फोन करतेय.”

“साक्षीदाराने पक्षकाराशी बोलू नये,” न्यायाधीश म्हणाले, पण रागावून नाही.

संस्थेचा वकील समाधानाने खाली बसला होता. साक्षीदाराने काही पाहिलेलं नाही, हे त्याने नोंदवून घेतलं होतं. आणि बाकावर टिंबू तोंडावर ओढणी धरून रडत होती. आनंदाने रडत होती, हे त्या वकिलाला सात जन्मांत कळलं नसतं. मावशीने पाहिलं नव्हतं. पाहून गप्प बसली नव्हती. वर्षभर छातीवर बसलेला धोंडा या दोन वाक्यांनी उतरला होता, मग दाव्याचं काही होवो.

दाव्याचं बरंच झालं. पुस्तकात नसलेलं वाक्य एका बाईने उच्चारलं आणि दुसरीने ते ऐकलं, ही गोष्ट न्यायाधीशांनी मनावर घेतली. भाऊला जावं लागलं, टिंबूची खुर्ची तिला परत मिळाली, आणि संस्था बंद पडली नाही. पण ते सगळं पुढचं.

त्या दिवशी साक्ष संपल्यावर दोघी बाहेर आल्या. कोर्टाच्या दारात मोठा जिना होता. टिंबूची काठी पहिल्या पायरीच्या कडेला लागली. शेजारी मावशी थांबली होती आणि तिची चप्पल फरशीवर कड चाचपत होती. हा आवाज टिंबूने कितीदा ऐकला असेल, पण त्याचा अर्थ तिला आज लागला.

“मला सांगायचं होतंस,” टिंबू म्हणाली. “जगात आणखी कुणाला नाही, पण मला सांगायला काय झालं होतं?”

“लाज वाटली. तू मला एवढी डोळस समजायचीस.”

टिंबूने कोपर पुढे केलं. “धर.”

“मी?”

“पाटी विसरलीस? ज्याला दिसत नाही त्याने धरायचं.”

मावशीचा हात चाचपडत आला आणि कोपराच्या जरा वर स्थिरावला. टिंबूने काठी पुढे टाकली.

“पायरी, स्वल्पविराम,” ती म्हणाली. “पायरी, स्वल्पविराम. हळू. पायरी, स्वल्पविराम.”

मावशी हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आला. बाजूने लोक वरखाली करत होते, काहीजण थांबून पाहत होते. त्या दोघींना त्याचा पत्ता नव्हता.

“जमीन, पूर्णविराम,” टिंबू म्हणाली.

खाली पोहोचल्यावरही मावशीने कोपर सोडलं नाही, आणि टिंबूने ते सोडवून घेतलं नाही.