सासूबाईंच्या ओट्याखालचा देव

सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली भिंत आठ महिने ओली होती आणि त्या आठ महिन्यांत तीन प्लंबर येऊन गेले होते. सासूबाईंचा धाकटा जावई स्वतः प्लंबर, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं. वीस वर्षं तो नळकामच करत होता. अर्ध्या गावातल्या भिंतींतून कुठला पाइप कुठे वळतो हे त्याला तोंडपाठ होतं. पण पिकतं तिथे विकत नाही, तशातली गत. विषय निघाला की सासूबाई म्हणायच्या, घरच्या माणसाला कामाला लावू नये, चुकलं तर धड रागावताही येत नाही. यावर त्याच्या बायकोचं म्हणणं असं, की आईला रागवायला आजवर कसलीच अडचण आलेली नाही.

मोठ्या जावयाची गोष्ट वेगळी. तो कचेरीत होता. तिथे नेमकं काय करतो ते कोणालाच, बहुधा त्यालाही, सांगता येत नसे. पण शर्ट पांढरा असायचा आणि बोलणं गोड. तिन्ही प्लंबर त्यानेच धाडले होते. पहिल्याने भिंतीला रंग दिला, दुसऱ्याने त्या रंगावर सिमेंट थापलं, आणि तिसरा भिंतीवर दोन टिचक्या मारून "घर जुनं आहे" असं निदान करून निघून गेला.

शेवटी एका सकाळी गिलाव्याचा पोपडा थेट चहाच्या आधणात पडला, तेव्हा निरोप आला. तोही जावयाला नाही, लेकीला. तुझ्या नवऱ्याला सवड असेल तर येऊन नुसतं बघून जायला सांग.

तो पिशवी घेऊनच गेला. बाहेरचा मेन कॉक बंद केला, सिंकखालच्या कपाटातले डबे काढले, कपाटाची फळी उचकटली, तीन फरशा फोडल्या आणि आत उतरून खणायला लागला. दोन फुटांवर, पाइपाच्या वळणाला, गंजून चाळण झालेला एल्बो सापडला. आठ महिन्यांचं दुखणं ते एवढंच. एल्बोच्या कडेची वाळू मोकळी करताना छिन्नी कशावर तरी टणकन वाजली. पाइपाचा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. हा पाइप नव्हता.

निघाली ती एक मूर्ती. वीतभर उंच, हिरवी पडलेली. स्टुलासारख्या कशावर तरी बसलेला, पोट सुटलेला, दाढीवाला एक गृहस्थ. डावा हात गुडघ्यावर, उजवा कानामागे धरलेला, कमी ऐकू येणारी आजोबा मंडळी धरतात तसा. अंगावर बारीक नक्षी होती, पण तो एक कान मात्र झिजून गुळगुळीत झाला होता. असा देव त्याने कुठे पाहिला नव्हता. सासूबाईंनीही नाही. तरी त्यांनी त्याला प्यायच्या पाण्याने अंघोळ घातली, पदराने पुसलं आणि ओट्यावर खिडकीपाशी बसवलं.

जावई म्हणाला, असलं काही सापडलं की संग्रहालयाला कळवावं लागतं, कायदाच आहे. सासूबाई म्हणाल्या, दारी आलेल्याला लगेच चौकीत नेऊन बसवतात का? दोन दिवस राहू दे. त्याने दोन दिवस कबूल केले.

संध्याकाळी मोठा जावई आला. त्याने मूर्ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि निकाल दिला, की मूर्ती आहे म्हणजे खाली देऊळ असणार, आणि देऊळ आहे म्हणजे हे घर साधंसुधं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही बातमी गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन परत आली होती, आणि परत आली तेव्हा देवळाला तळघरही फुटलं होतं. सासूबाईंची मान ताठ झाली. एरवी वाणसामान उसनं मागायला येणाऱ्या शेजारणी चपला बाहेर काढून आत येऊ लागल्या.

त्याच दुपारी जावई नवा एल्बो बसवायला खड्ड्यात उतरला होता. पुढे कपाटाचं दार अर्धं लोटलेलं. सासूबाई आत आल्या, त्यांना वाटलं तो जेवायला घरी गेला. त्यांनी स्टूल ओढलं आणि मूर्तीच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागल्या. आधी गुडघेदुखी झाली, मग शेजारीण झाली, मग जावयांची पाळी आली.

"थोरला बोलतो फार छान," त्या म्हणाल्या. "पण बारा वर्षांत या घरात त्याने एक खिळा ठोकला असेल तर शपथ. नुसता उंटावरून शेळ्या हाकतो. आणि धाकट्याला मी मुद्दामच नाही बोलावलं. बोलावलं असतं तर त्याने एका दिवसात गळती काढली असती, आणि मग मला चारचौघांत म्हणावं लागलं असतं, की लग्नाच्या वेळी मी उगाच तोंड वाकडं केलं. आता म्हातारपणी हे कोण म्हणणार?"

जावई खड्ड्यात उकिडवा बसला होता. हातात पाना, पायाला मुंग्या, नाकात वाळू. शिंक आली ती त्याने टेफ्लॉन टेपचं रीळ नाकावर दाबून मागे परतवली. सासूबाईंचं आटपायला अर्धा तास लागला. त्या गेल्यावर तो बाहेर आला तेव्हा त्याला सरळ उभं राहता येईना. पण गंमत अशी, की त्याला राग आला नव्हता. घरी जाताना तो शीळ वाजवत होता, आणि बायकोने कारण विचारलं तर म्हणाला, खरा एल्बो आज सापडला.

तिसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे त्याने फोन केला. संग्रहालयाच्या प्रमुख बाई तासाभरात आल्या. किडकिडीत, पायात मोठे बूट, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ब्रश. मूर्ती पाहिल्यावर त्या खुर्ची असूनही जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, हा देव दोन समुद्र ओलांडून आला आहे. तिकडच्या बंदरांतले लोक प्रवासाला निघताना मनातली तक्रार याच्या कानात सांगायचे आणि हलके होऊन जहाजावर चढायचे. म्हणून कान झिजलेला. निदान पंधराशे वर्षांचा असेल. इतक्या लांब, आपल्या बाजूला, असा एकही आजवर मिळालेला नाही. कोणा खलाशाने उराशी धरून आणला असेल.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, की सांगितलेलं तो पुढे कोणाला सांगतो का. बाई म्हणाल्या, तसा उल्लेख नाही. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. जावयाने खिडकीबाहेर पाहिलं.

पुढे मात्र पंचाईत झाली. बाईंनी स्वयंपाकघराला पिवळी फीत बांधली आणि आत दोन माणसं बसवली. ती चमच्याचमच्याने वाळू काढत आणि चाळणीत घालून नुसती बघत बसत. सासूबाईंचा गॅस बाहेरच्या खोलीत आला, भांडी न्हाणीघरात गेली, आणि फोडणीचा धूर कपड्यांच्या कपाटात. किती दिवस चालेल, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, खाली खरंच देऊळ असेल तर वर्षसुद्धा लागेल. मोठा जावई पुढे होऊन म्हणाला, इतिहासासाठी आमची घर सोडायचीही तयारी आहे. सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला अचानक कचेरीतलं काम आठवलं.

धाकट्या जावयाला मात्र दोन दिवस जेवण गोड लागेना. पहिल्याच दिवशी खणताना त्याला एक गोष्ट दिसली होती. पाइपाभोवतीची वाळू गोल दाण्याची होती, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे होते. म्हणजे नदीची. आणि तिच्याखाली काळी चिकण माती, घट्ट, कधी कोणी हात न लावलेली. देव मुळात इथला नव्हताच. तीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघर बांधताना भरावाची वाळू आली, तिच्यातून तो आला. हे सांगावं तर सासूबाईंचं देऊळ तळघरासकट कोसळणार. न सांगावं तर त्यांनी वर्षभर न्हाणीघरात भांडी धुवायची, आणि खाली निघणार काय, तर चिखल.

त्याने रात्रभर विचार करून सकाळी सांगून टाकलं. बाई, सासूबाई आणि पांढऱ्या शर्टातला साडू, तिघं समोर असताना. एका मुठीत वाळू, दुसरीत काळी माती आणून फरशीवर शेजारी शेजारी ठेवली.

"ही वरची, ही खालची," तो म्हणाला. "खालची कधी कोणी हलवलेली नाही. देव वाळूच्या गाडीतून आलाय, आई. इथे देऊळ नाही."

साडू हसला आणि म्हणाला, पाइप जोडणं वेगळं आणि इतिहास वेगळा. बाईंनी मात्र चष्मा कपाळावर चढवून वाळू आणि माती बोटांनी चुरली, एक चिमूट जिभेवर ठेवली, आणि आपल्या माणसांना चमचे खाली ठेवायला सांगितले.

आता आकाश कोसळणार म्हणून जावई खाली मान घालून उभा राहिला. सासूबाईंनी वाकून वाळूतला शिंपल्याचा तुकडा उचलला. मग म्हणाल्या, "ही जुन्या वळणावरची आहे. नदी जिथे पिंपळाला वळसा घालते ना, तिथली. हे स्वतः गाडीबरोबर गेले होते. घाटावरची वाळू महाग पडत होती, म्हणून हे वळणावर गेले. मी तेव्हा भांडले होते, की शिंपले असलेली वाळू आणलीत, ओटा खचेल. तीस वर्षांत खचलाय का, सांगा."

ओटा खचला नव्हता. बाईंनी वही काढली. पुढचा तासभर सासूबाई बोलत होत्या आणि एक शिकलेली बाई त्यांचा शब्दन् शब्द लिहून घेत होती. गाडी कुठल्या रंगाची, किती खेपा, कुठली खेप कोणत्या कोपऱ्यात. देऊळ गेल्याचं त्यांना काही वाटलं असेल तर त्या भरात विसरून गेल्या. दुपारी फीत निघाली, गॅस आत आला, आणि जावयाने फरशा बसवून दिल्या.

नदीच्या वळणावर महिन्याभरात गलबतं लागायचा जुना धक्का सापडला. दगडी पायऱ्या, फुटके रांजण, आणि तसल्याच कानाची आणखी दोन मातीची माणसं. खलाशी एकटा नव्हता, त्याच्या मुलखातले बरेच जण तिथे उतरत असावेत. अडचण एकच, दोन हात खणलं की खड्ड्यात पाणी. बाईंनी प्लंबरला बोलावून घेतलं. आता तो रोज सकाळी तिथे पंप लावतो, झिरपा कुठून येतोय ते तळहात टेकवून सांगतो, आणि खणणाऱ्यांना त्याच्या परवानगीशिवाय फावडं मारता येत नाही. त्याची बायको शेजारी सांगते, की हे पुराणवस्तू खात्यात असतात.

देव संग्रहालयात काचेच्या पेटीत गेला. त्याच्याखालच्या पाटीवर बाईंनी 'नदीच्या वाळूत सापडला' असं लिहिलं होतं. सासूबाईंनी तीन वेळा जाऊन ती बदलून घेतली. आता तिथे 'एका घराच्या ओट्याखाली, नदीच्या वाळूत' असं आहे, आणि ओटा आधी आहे. तिसऱ्या खेपेला पहारेकऱ्याने त्यांना सांगितलं, की काचेला तोंड लावू नका, डाग पडतात. सासूबाईंनी त्याला विचारलं, मग बोलायचं कसं?

तो म्हणाला, त्या बाजूला फटीपाशी उभ्या राहा, मोठ्या मॅडमही तिथूनच बोलतात.