इश्शची तालीम

मार्लेनचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आल्या एकदाच्या ताळ्यावर.

बावीस वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये आमचा तीन मुलींचा पॉप ग्रुप होता, 'वै ड्री', म्हणजे 'आम्ही तिघी'. मार्लेन, इनेस आणि आइंडहोवनच्या एका मराठी इंजिनियरची मुलगी मी, मृणालिनी. दोन अल्बम आणि एक तुफान गाजलेलं गाणं. त्यात मुलगा म्हणतो, 'किती सुंदर आहेस', आणि संगीत एकदम थांबतं. तिथे मुलीने काय म्हणावं ते निर्मात्याला सुचेना. मी सहज म्हणाले, "इश्श!" तेच ठेवलं. पुढे दोन वर्षं तिथली शाळकरी पोरं एकमेकांना इश्श म्हणत हिंडत होती. मग मी सुमंतशी लग्न करून अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटाला आले आणि ग्रुप मोडला.

यंदा तो पुन्हा उभा राहिला. तिसरी म्हणून घेतली रोमी, वय वर्षं एकोणतीस. मला विचारलंसुद्धा नाही! नावातच तिघी, आणि स्टेजवर तिघी होत्याच. कोणी राहून गेलंय अशी शंका तरी कुणाला यावी? त्यांचे व्हिडिओ मी रोज बघत होते. रोमीचे पाय लांब, हनुवटी नाजूक, आणि तिचा वरचा सूर कच्चा. हे शेवटचं मी सुमंतला इतक्यांदा ऐकवलं की तो वैतागला. "अगं, सोड ना यार. पॉज कर ते आता."

तर मार्लेन फोनवर म्हणाली, "शनिवारी अटलांटात शो आहे. सगळं लाइव्ह गातोय. रोमीला तुझं इश्श जमत नाही. शिकवशील?"

शिकवशील म्हणे! मी गोड आवाजात हो म्हटलं. माझा बेत सरळ होता. रोमीला जमलंच नाही, तर त्या एका गाण्यापुरतं तरी मला स्टेजवर घ्यावं लागेल. महाराष्ट्र मंडळातल्या वसुधाकाकूंना तर मी सांगूनही टाकलं, शनिवारी मी गाणार आहे, तिकीट काढा.

शुक्रवारी दुपारी तिघी आमच्या बेसमेंटमध्ये आल्या. रोमीने दारातच बूट काढले. "तुमचं गाणं ऐकत मी लहानाची मोठी झाले," ती म्हणाली. मला ते चांगलंच झोंबलं.

"ईश," तिने सुरुवात केली.

"नाही."

"इस्स."

"कुकरची शिट्टी नको."

तासभर मी तिला पिदडलं. खरं सांगायचं तर सातव्या-आठव्या वेळी तिला छान जमलं होतं. मान किंचित वळली, गाल खरोखर लाल झाले.  "अंहं," मी म्हणाले, "अजून नाही."

शेवटी तिचे डोळे भरून आले. ती मार्लेनकडे वळली. "मृणालिनीच म्हणू दे ना. आहेच ते तिचं. त्या गाण्याला मी बाजूला उभी राहते."

मार्लेनने माझ्याकडे बघितलं. इनेसने गिटार छेडली आणि थांबवली. मी मान वळवली, नजर खाली केली आणि म्हणाले, "इश्श!"

 जिन्यात बसलेली माझी सोळा वर्षांची अनिका फिसकन हसली. "आई, यू साउंड लाइक यू आर येलिंग अ‍ॅट बाबा!"

मी पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. दर वेळी त्यात चीडच येत होती, लाज काही केल्या येईना. सुंदर आहेस, हे ऐकणारीला निदान क्षणभर खरं वाटावं लागतं. मला ते वाटून किती वर्षं झाली होती, मलाच आठवेना.

"काही हरकत नाही," मार्लेन हळूच म्हणाली. "तेवढं एक आपण जुन्या रेकॉर्डिंगमधून लावू."

शनिवारी मी चौथ्या रांगेत बसले, शेजारी वसुधाकाकू. ते गाणं आलं. संगीत थांबलं, तिघी ओठ मिटून उभ्या राहिल्या, आणि स्पीकरमधून एक तेवीस वर्षांची मुलगी लाजली. अख्खं थिएटर किंचाळलं.

"अगंबाई, किती गोड!" काकूंनी मला कोपर मारलं. "कोण गं ही? आणि तू कधी जाणार वर?"

"माहीत नाही," मी म्हणाले. इतका मत्सर मला रोमीचाही वाटला नव्हता.