डावं टोक

ताईचं लग्न ठरलं तेव्हा ताई बावन्न वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण एकोणपन्नासची. नवरदेव घड्याळं दुरुस्त करणारा, विधुर, सहा तासांच्या अंतरावरच्या गावातला. बोलायला कमी, हसायला बरा. लोकांना नवल वाटलं, शेजारपाजारी चार दिवस कुजबुज झाली. धाकटीने मात्र कोणाला बोलायची संधी दिली नाही. पाहुण्यांचं हवं-नको तिने पाहिलं, ताईच्या बॅगा भरल्या, आणि गाडी सुटेपर्यंत हात हलवत उभी राहिली.

आई-वडील गेल्यावर दोघींनी बावीस वर्षं एका घरात काढली होती. दोन खोल्या, त्यातल्या आतल्या खोलीत समोरासमोर दोन पलंग. पडद्यांचा रंग ताई ठरवायची, डॉक्टर ताई निवडायची, कुठल्या चपला घ्यायच्या तेही ताईच सांगायची. धाकटीला त्याचा कधी जाच वाटला नाही. ताई ठरवते म्हणजे आपल्या डोक्याला ताप नाही, एवढं साधं गणित. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, मागे-पुढे करायचा, लोकांचं हसू तयार करायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. तिथे सगळे तिला कवळीबाई म्हणत. घरी ती चिमी होती. ताई गेल्यापासून घरात चिमी म्हणणारं कोणी उरलं नाही.

दोन महिने गेले. एका रविवारी सकाळी ती माळ्यावरची रजयांची पेटी काढायला स्टुलावर चढली. पेटी अर्धी बाहेर ओढली, दोन्ही तळवे खाली घातले, आणि सगळा भार डोक्यावर आला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की पेटी खाली आणता येत नाही आणि मागेही ढकलता येत नाही. तोंडातून आपसूक निघालं, "ताई, धर गं."

आपलाच आवाज ऐकून ती ओशाळली. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली, कोणी येण्यासारखं नसताना. शेवटी मान बाजूला घेऊन तिने पेटी सोडून दिली. पेटी आपटली, कोपरा फुटला, रजया जमिनीवर पसरल्या. दुसऱ्या दिवशी तिला केस विंचरायला हात वर नेता येईना.

डॉक्टर म्हणाले, "मोडलंबिडलं काही नाही. पण खांद्यांत जोर राहिलेला नाही. दुखणं थांबलं की वजन डोक्याच्या वर उचलायची सवय करा. थोडं थोडं, पण रोज."

दुखणं थांबायला महिना लागला. मग लॅब सुटल्यावर ती व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदार एकेकाळी वजन उचलणाऱ्यांतला होता. आता गुडघे गेले होते, म्हणून उंच स्टुलावर बसून गिऱ्हाईक बघायचा.

"या ताई," तो म्हणाला.

तिने मागे वळून पाहिलं. कोणी ताई म्हटलं की मागे बघायची तिची जन्माची सवय. मागे दार होतं, आणि दारापलीकडे रस्ता.

तिने काय हवं ते सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "रॉड घेणार की डंबेल?"

"फरक काय पडतो?"

"पडतो की. रॉड एकच, दोन्ही हात त्यालाच धरलेले. त्याला थोडं थोडं वजन चढवत जाता येतं, ताकद लवकर वाढते. डंबेल दोन. प्रत्येक हाताला आपापलं ओझं आपणच न्यावं लागतं. जास्त डगमगतात, पण घरात कोपऱ्यात मावतात. आधी उचलून तर बघा."

त्याने एक हलका रॉड तिच्या हातात दिला. पाय जरा फाकून, पोट आवळून, छातीपासून वर. रॉड गेला वर. तिला इतकं बरं वाटलं की तिने तो पुन्हा नेला.

"डावीकडे उतरतोय," दुकानदार म्हणाला. "उजवा हात दोघांचं काम करतोय. आता हे घ्या."

डंबेल हातात आले. उजवा हात सरळ वर गेला. डावा कानापाशी येऊन अडेलतट्टूसारखा थांबला. तिने दात-ओठ खाल्ले, तरी हलेना.

"डाव्याने कधी काही उचललंच नाही वाटतं तुम्ही."

ती विचारात पडली. खरंच होतं. कपाट सरकवायचं असो, गादी उन्हात टाकायची असो, पाण्याचं पिंप हलवायचं असो, ताई डावखुरी, म्हणून डावं टोक कायम ताईचं. बावीस वर्षं घरात सगळं दोघींनी मिळून उचललं होतं.

"घरात जागा किती?" दुकानदाराने विचारलं. "रॉड पाच फुटांचा आहे. दोन्ही बाजूंना हातभर मोकळं हवं. वर पंखा कुठे आहे तेही बघा. भिंतीला ठोकर लागली तर तोल जाईल, आणि एकट्या माणसाने तोल जाऊ द्यायचा नसतो. एकट्याच असता ना?"

"हो," ती म्हणाली. हे कोणाला तरी पहिल्यांदाच सांगत होती.

घरी येऊन तिने टेपने खोली मोजली. बाहेरच्या खोलीत शिवणाचं मशीन, जेवणाचं टेबल, फ्रीज. तिथे प्रश्नच नव्हता. आतल्या खोलीत जागा होण्यासारखी होती, पण एका अटीवर. ताईचा पलंग काढायचा. पलंगावर अजून ताईची निळी चादर होती. दर शनिवारी धाकटी ती झटकायची आणि परत घालायची, कोणी झोपलेलं नसलं तरी.

ताईला विचारायचं नाही असं तिने ठरवलं. मग जेवण झालं, भांडी झाली, आणि तिने फोन लावला.

"अगं, बोल," ताई म्हणाली. मागे भावोजींचा हसण्याचा आवाज येत होता, टीव्हीवर काहीतरी चाललेलं.

धाकटीने सगळं सांगितलं. रॉड, डंबेल, डावा हात, पाच फूट. पेटीचं सांगितलं नाही. "रॉड घेतला तर तुझा पलंग काढावा लागेल. काढू का?"

"काढ की. माझं काय आता तिथे."

"मग रॉड घेऊ? की डंबेल?"

"तुला बरं वाटेल ते घे गं," ताई म्हणाली, आणि फोनपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "अहो, आवाज कमी करा जरा."

ताईच्या आवाजात राग नव्हता, तुटकपणाही नव्हता. आनंदात असलेलं माणूस जसं मोकळ्या मनाने बोलतं तशी ती बोलली होती. फोन ठेवल्यावर धाकटीच्या लक्षात आलं, तुला बरं वाटेल ते घे, हे वाक्य ताईने आयुष्यात तिला कधी म्हटलं नव्हतं. आपल्याला काय बरं वाटतं ते तिला शोधूनही सापडेना.

दुसऱ्या दिवशी तिने डंबेल घेतले. दुकानदाराला कारण सांगितलं की डावा हात सुधारायचा आहे. ते काही खोटं नव्हतं. पलंगाचं तिने सांगितलं नाही.

"शहाणपणा केलात," तो म्हणाला. "कमी वजनापासून सुरुवात करा. आणि दोन्ही हात डाव्याच्या चालीने चालवायचे. उजव्याने पुढे पळायचं नाही."

रोज सकाळी अंघोळीआधी ती दोन पलंगांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत उभी राहायची. पहिले तीन आठवडे डावा हात कानाच्या वर गेला नाही. लॅबमध्ये मेणात दात बसवताना तो खांदा ठणकायचा, आणि ठणकला की तिला त्या हाताची आठवण व्हायची. पाचव्या आठवड्यात कोपर सरळ झालं, वाकडंतिकडं का होईना. सांगायला फोन हातात घेतला. मग वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे, आणि ठेवून दिला.

पावसाळा संपताना ताई आली, एकटीच, दोन दिवसांसाठी. गालांवर मांस चढलं होतं, नवं घड्याळ मनगटावर होतं. आल्या आल्या तिने चहा करायला घेतला आणि विचारलं, "साखर कुठे ठेवलीस?"

"खालच्या फळीवर."

"वरच्या फळीवर असायची ना?"

"हात दुखत होता तेव्हा खाली आणली. मग तिथेच राहिली."

ताईने खाली वाकून डबा काढला. चहा पिताना ती भावोजींबद्दल बोलत राहिली, त्यांचा अल्सर, त्यांचे भाऊ, शेजारची भांडकुदळ बाई. धाकटीने सगळं ऐकलं. तिच्याकडून सांगायला लॅबमधली एक गंमत होती, एका माणसाने दुसऱ्याची कवळी चार दिवस घातल्याची. ताई खूप हसली. मग दोघी गप्प झाल्या, आणि त्या गप्प बसण्यात पूर्वीसारखं काही नव्हतं. पाहुण्यासमोर बसतो तसं होतं ते.

आपल्या जुन्या पलंगावर ताईला झोप लागली नाही. सकाळी पाठ चोळत ती म्हणाली, "चिमे, हा पलंग कसला कडक आहे गं. इतकी वर्षं मी यावर झोपत होते? देऊन टाक कोणाला तरी."

"बघते," धाकटी म्हणाली.

बसस्टँडवर ताईने तिचा हात धरला. "तिकडे ये की. राहा चार दिवस."

"येईन."

कधी, ते ताईने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. बस निघाली तशी ताई खिडकीतून मागे बघत होती, पण वळणाआधीच शेजारच्या बाईशी बोलायला लागली. ताईचा स्वभावच तसा, माणसं पटकन जोडणारा.

पुढच्या आठवड्यात लॅबच्या सफाईवालीने पलंग नेला. दोन माणसं येऊन घेऊन गेली. एकाने डावं टोक धरलं, एकाने उजवं, आणि दोन मिनिटांत दाराबाहेर. फरशीवर चार पायांचे चार फिकट चौकोन राहिले. खोली एकदम मोठी झाली, चालताना पावलांचा आवाज यायला लागला. निळी चादर तिने धुऊन घडी करून ठेवली.

दुकानात जाऊन तिने सांगितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "मग आता रॉड घेऊन जा. जागा झाली."

"नको," ती म्हणाली. "आहेत त्यापेक्षा जरा जड डंबेल द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोकळ्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. पाच वेळा दोन्ही हात बरोबरीने वर गेले. सहाव्या वेळी डावा कपाळापाशी अडला. तिने उजव्यालाही तिथेच थांबवलं, दोन्ही वजनं सावकाश खाली आणली, चटईवर ठेवली, आणि अंघोळीला गेली. लॅबमध्ये त्या दिवशी चौदा कवळ्या पुऱ्या करायच्या होत्या.